पाणीवाली बाई: मृणालताई गोरे

(मंदिराच्या ज्येष्ठ सदस्यांच्या मासिक मेळाव्यात दिलेले भाषण)



विश्वस्त मंडळाने मला बोलावले ते डॉक्टर म्हणून. विषयही सुचवला होता, हिवाळा आणि गुडघेदुखी. मंडळी, मी निवृत्त झाल्यापासून इथे साखर, रक्तदाब, पडू नये म्हणून काय करावे, या सगळ्यावर बोलून झाले आहे. आणि गुडघ्यांबद्दल जे सांगायचे ते तुम्हाला आता माझ्यापेक्षा जास्त पाठ आहे. म्हणून मी सचिवांना म्हटले, या वेळी मला एका बाईंबद्दल बोलू द्या. त्या डॉक्टर व्हायला निघाल्या होत्या, वैद्यकीय शिक्षण अर्धवट सोडून राजकारणात गेल्या, आणि तरीही आरोग्याचे एवढे काम करून गेल्या की आम्ही पदव्या मिळवलेल्यांनी बघत राहावे.

इथे मुंबईहून आलेली निम्मी तरी मंडळी आहेत, त्यामुळे नाव घेतले की माना डोलतील. मृणाल गोरे. ज्यांना हे नाव आठवत नसेल त्यांना ‘पाणीवाली बाई’ म्हटले की आठवेल.

त्यांचा जन्म २४ जून १९२८ चा. माहेरचे आडनाव मोहिले. हुशार मुलगी, घरात शिक्षणाला मान, म्हणून वैद्यकीय शिक्षणाला घातले. त्या काळात मुलगी डॉक्टर होणार म्हणजे घराण्याची केवढी प्रतिष्ठा, हे तुम्हाला सांगायला नको. पण चळवळीचे दिवस होते, राष्ट्र सेवा दलाचे वारे लागले होते, आणि तिथेच केशव गोरे भेटले. त्यांना सगळे बंडू गोरे म्हणत. १९४८ साली दोघांनी लग्न केले. तो आंतरजातीय विवाह होता. मग संसार थाटला तो गोरेगावात.

तेव्हाचे गोरेगाव म्हणजे मुंबई नव्हे, हे लक्षात घ्या. तिथे ग्रामपंचायत होती. भातशेती, काही वाड्या, पलीकडे आरेचे गोठे आणि लोकल पकडून मुंबईला नोकरीला जाणारी माणसे. नवरा-बायको दोघेही समाजवादी पक्षाचे कार्यकर्ते. मृणालताईंचे सार्वजनिक काम सुरू झाले ते या गावातल्या बायकांमध्ये. कुटुंबनियोजनाबद्दल उघड बोलायला जेव्हा डॉक्टरही कचरत होते, त्या काळात त्या घरोघरी जाऊन बोलत होत्या. पुढे त्या ग्रामपंचायतीत निवडून आल्या. मला यात मोठी गंमत वाटते. ज्या बाई पुढे लोकसभेत बसल्या, त्यांची उमेदवारी ग्रामपंचायतीत झाली, म्हणजे गटार, दिवा आणि विहीर यांच्या प्रश्नांवर.

१९५८ साली केशवराव अकाली गेले. मृणालताई तिशीच्या, पदरात लहान मुलगी. आपल्याकडे अशा वेळी सल्ले देणाऱ्यांची रांग लागते. माहेरी जा, मास्तरीण हो, आता हे राजकारण पुरे. त्यांनी गोरेगाव सोडले नाही. सहकाऱ्यांनी मिळून केशवरावांच्या नावाने केशव गोरे स्मारक ट्रस्ट उभा केला. सभागृह, वाचनालय, बायकांचे आणि आरोग्याचे उपक्रम, असे काम तिथे हळूहळू वाढत गेले. मला वाटते मृणालताईंच्या पुढच्या सगळ्या कारकिर्दीचे गमक इथे आहे. नगरसेविका, आमदार, खासदार ही पदे त्यांच्याकडे आली आणि गेली, पण गोरेगावातली ती जागा कायम राहिली. निवडणूक हरले की पुढाऱ्याचे कार्यालय बंद होते, हे आपण सगळ्यांनी पाहिले आहे. यांचे दार बंद झाले नाही, कारण ते दार निवडणुकीसाठी उघडलेलेच नव्हते.

आता पाण्याकडे येऊ.

१९५७ मध्ये मुंबई महापालिकेची हद्द उत्तरेकडे दहिसरपर्यंत वाढली आणि गोरेगाव महापालिकेत आले. कर महापालिकेचा लागला, पाणी मात्र आले नाही. मुंबईला पाणी येते ते शंभर किलोमीटरच्या आसपास असलेल्या तलावांमधून. तानसा १८९२ चा, मग १९५७ चे मोडक सागर, त्यानंतर १९७३ चे अप्पर वैतरणा. मोठाल्या जलवाहिन्या उपनगरांच्या अंगावरून जाऊन शहराला पाणी देत आणि वाटेवरच्या वस्त्यांतल्या बायका पहाटे तीनला हंडे-कळश्या घेऊन रांगेत उभ्या असत. टेकड्यांवरच्या झोपड्यांना तर पाणीच नव्हते. झोपडी अनधिकृत, म्हणून नळ नाही, असा नियमाचा हिशेब.

माझे बालपण शेजारच्या मालाडचे. आमची चाळ अधिकृत होती, तरी नळाला पाणी पहाटे चारला येई आणि साडेपाचला जाई. आई चारच्या आधी उठून पिंप, बंब, घागरी सगळे भरून ठेवायची. तीस वर्षे तिची झोप त्या नळाने ठरवली. इथे बसलेल्या किती काकूंची तीच कहाणी असेल! इकडे आल्यावर मध्यरात्री नळ सोडला तरी पाणी येते, हे पाहून मला पहिले काही महिने उगीचच नळ सोडून बघायची सवय लागली होती.

१९६१ साली मृणालताई महापालिकेवर निवडून गेल्या आणि हा प्रश्न हातात घेतला. हंडा मोर्चे सगळ्यांना आठवतात, कारण त्यांची छायाचित्रे छापून यायची. रिकामे हंडे घेऊन शेकडो बायका महापालिकेच्या दारात, अधिकाऱ्याला घेराव, वगैरे. पण नुसत्या मोर्चाने नळाला पाणी येत नाही. पाणी येण्यासाठी कुणाला तरी हे माहीत असावे लागते की आपल्या गल्लीची वाहिनी कुठून फुटते, तिचा व्यास किती, दाब का पडतो, व्हॉल्व्ह कोण फिरवतो. मुंबईत त्या व्हॉल्व्ह फिरवणाऱ्याला चावीवाला म्हणतात, आणि वस्तीत आमदारापेक्षा चावीवाल्याचा रुबाब जास्त असतो. ज्या नगरसेविकेला हे तपशील माहीत असतात तिला अधिकारी गोल गोल उत्तरे देऊ शकत नाही. मृणालताईंचा अभ्यास त्या जातीचा होता. सभागृहात आकडे घेऊन बोलायच्या आणि बाहेर बायका घेऊन बसायच्या. एकाशिवाय दुसरे चालत नाही, हे त्यांना फार लवकर कळले होते.

डॉक्टर म्हणून याचा अर्थ मला नंतर कळला. १९८० च्या सुमारास मी मुंबईतल्या एका महापालिका रुग्णालयात शिकत होते. पावसाळा सुरू झाला की जुलाब-उलट्यांची मुले यायची, डोळे खोल गेलेली, चिमटीत धरलेली कातडी तशीच उभी राहणारी. आम्ही सलाईन लावायचो, मीठ-साखरेचे पाणी पाजायचो, तीन दिवसांत मूल हसायला लागायचे. आई हात जोडून निघून जायची, त्याच वस्तीत, त्याच पाण्याकडे. दीड महिन्याने तेच मूल परत. विषमज्वराचे तसेच, काविळीचे तसेच. आमच्या एका ज्येष्ठ सर डॉक्टरांना वॉर्डात फेरी मारताना विचारायची सवय होती, “हा पेशंट कोणत्या नळाचा?” आम्ही हसायचो. पण रोगाचे निदान त्या प्रश्नातच होते. गोरेगावच्या वस्त्यांत जे नळ आले त्यांनी किती मुले वाचवली याची नोंद कुठल्याच रुग्णालयात सापडणार नाही, कारण ती मुले आमच्याकडे आलीच नाहीत.

मग १९७२. महाराष्ट्रात दुष्काळ, रेशनवर रॉकेल नाही, साखर नाही, तेल-डाळीचे भाव रोज वर. याच वर्षी मृणालताई विधानसभेवर निवडून गेल्या आणि याच सुमारास महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती उभी राहिली. त्यात अहिल्याताई रांगणेकर होत्या, प्रमिलाताई दंडवते होत्या, तारा रेड्डी होत्या, कमल देसाई होत्या. पक्ष वेगवेगळे. समाजवादी आणि कम्युनिस्ट यांचे आपसांत किती सख्य होते हे जाणकारांना ठाऊक आहे! पण तेलाचा डबा रिकामा झाला की तो कुठल्या पक्षाच्या घरातला आहे हे डब्याला समजत नाही, अशा हिशेबाने या बायका एकत्र आल्या.

लाटणे मोर्चा तुम्हाला आठवत असेल. माझी आई, जी वाण्याकडे उधारी मागायलासुद्धा मला पाठवायची, ती शेजारणींबरोबर लाटणे घेऊन गेली होती. मी दहा-बारा वर्षांची. संध्याकाळी परत आली तेव्हा तिचा आवाज बसलेला होता आणि चेहरा असा काही उजळला होता की बाबा काही बोललेच नाहीत. मुकाट्याने त्यांनी स्वतः चहा केला. ठरलेल्या वेळी घराघरांतून थाळ्या वाजवायच्या, हाही त्याच आंदोलनातला प्रकार. अख्खी चाळ थाळ्या बडवत होती. राजकारण म्हणजे पुरुषांनी ओट्यावर बसून करायची गोष्ट, ही समजूत आमच्या मजल्यापुरती तरी त्या संध्याकाळी संपली.

आणीबाणीचा भाग मी थोडक्यात सांगते, कारण त्यावर भरपूर लिहिले गेले आहे. मृणालताई काही महिने भूमिगत राहिल्या, मग पकडल्या गेल्या. तुरुंगात त्यांना एकीकडे कुष्ठरोगी आणि दुसरीकडे मनोरुग्ण कैदी बाईच्या शेजारी ठेवले होते. हे नेहमी मृणालताईंच्या छळाची गोष्ट म्हणून सांगितले जाते, आणि हेतू तोच असणार. मला मात्र वाचताना त्या दुसऱ्या दोघी आठवत राहतात. आजारी बाईला कोठडीत ठेवून तिचा उपयोग शिक्षा म्हणून करायचा, हे कुठल्या वैद्यकशास्त्रात बसते?

१९७७ ला त्या जनता पक्षातर्फे उत्तर मुंबईतून लोकसभेवर निवडून आल्या. ‘पाणीवाली बाई दिल्लीत, दिल्लीवाली बाई पाण्यात’ ही घोषणा तेव्हा मुंबईभर झाली होती. इथेही पत्रांतून पोहोचली असेल. मोरारजीभाईंनी त्यांना आरोग्यमंत्रिपद देऊ केले आणि त्यांनी ते नाकारले. यावर मतभेद होऊ शकतात. माझ्या यजमानांचे मत असे की ते घ्यायला हवे होते, कारण वैद्यकीय शिक्षण घेतलेली आणि वस्तीत राबलेली व्यक्ती त्या खुर्चीवर रोज रोज मिळत नाही. मला त्यांचा नकार समजतो. ते सरकार दोन-अडीच वर्षांत कोसळले, आणि मृणालताई तोवर गोरेगावच्या माणसांपासून तुटल्या नव्हत्या.

परतल्यावर त्यांनी दोन कामे उभी केली. १९८३ मध्ये ‘स्वाधार’, म्हणजे घरात मारहाण, हुंडा, परित्याग अशा संकटातल्या बायकांसाठी सल्ला आणि आधाराचे केंद्र. तेव्हा हुंडाबळींच्या बातम्या रोज येत होत्या. रॉकेलच्या स्टोव्हचा भडका, जळीत वॉर्डात तरुण सून, आणि जबानीत ‘अपघात’. ज्यांनी त्या वॉर्डात रात्रपाळी केली आहे त्यांना तो शब्द ऐकला की अजून पोटात ढवळते. त्या बाईला तिथे पोहोचण्याआधी जायला एक दार हवे होते. ते दार म्हणजे स्वाधार.

दुसरे काम घरांचे. १९७६ चा नागरी जमीन कमाल मर्यादा कायदा असा होता की ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त मोकळी जमीन शहरात एकाकडे नको, वरची सरकारने घ्यावी आणि तिथे सामान्यांसाठी घरे व्हावीत. कायदा छान. पण त्यात सूट देण्याचे एक कलम होते, आणि सगळी वाहतूक त्या कलमातून सुरू झाली. मृणालताई, बाबूराव सामंत आणि सहकाऱ्यांनी नागरी निवारा परिषद काढली, न्यायालयात गेले, मंत्रालयात गेले, विधानसभेत प्रश्न विचारले, आणि वर्षानुवर्षांच्या झगड्यानंतर गोरेगाव पूर्वेला दिंडोशीत अल्प उत्पन्न गटातल्या लोकांसाठी सहा हजारांहून अधिक घरे उभी राहिली. मुंबईत घर म्हणजे काय, हे इथल्या मंडळींना सांगावे लागणार नाही. त्या भागात ‘नागरी निवारा’ नावाचा बसथांबा आहे. तिथे उतरणाऱ्या तरुण मुलांना बहुधा हे नाव एखाद्या बिल्डरच्या प्रकल्पाचे वाटत असेल.

आता ज्या गोष्टीसाठी मी खरे तर हा विषय निवडला, ती सांगते.

गर्भजल परीक्षा भारतात सत्तरच्या दशकात आली ती गर्भातले जनुकीय दोष शोधण्यासाठी. सुईने गर्भाभोवतीचे थोडे पाणी काढायचे आणि त्यातल्या पेशी तपासायच्या. त्यातच मुलगा की मुलगी हेही कळते. सरकारी रुग्णालयांत लिंग सांगायला बंदी झाली आणि धंदा खाजगी दवाखान्यांत गेला. मी रहिवासी डॉक्टर होते तेव्हा मुंबईत याची उघड जाहिरात व्हायची. आज काही शे रुपये खर्चा आणि उद्याचे लाखो वाचवा, म्हणजे हुंड्याचे, असा त्यांचा मतलब. भिंतीवर, लोकलच्या डब्यात. आमच्याकडे येणाऱ्या बायकांपैकी काहींच्या हातात बाहेरच्या दवाखान्याचा कागद असायचा आणि पुढचे वाक्य ठरलेले, “दोन मुली आहेत, आता तिसरी नको.” वाक्य बाई बोलायची, पण शेजारी सासू उभी असायची.

त्याच काळात राज्य सरकारच्या आरोग्य खात्यासाठी डॉ. संजीव कुलकर्णी यांनी मुंबईतल्या पन्नास स्त्रीरोगतज्ज्ञांची पाहणी केली. त्यातले बेचाळीस जण लिंगनिदानासाठी ही परीक्षा करत होते. पन्नासात बेचाळीस! मुंबईतल्याच आणखी एका अभ्यासात अशा परीक्षेनंतर झालेल्या आठ हजार गर्भपातांपैकी ७९९९ गर्भ मुलींचे निघाले. हे करणारे कोणी भोंदू वैदू नव्हते. माझ्यासारख्याच पदव्या असलेली, माझ्याच शहरातली माणसे होती. त्यांचे समर्थन असे की बाईवरच उपकार होतात, पाचव्या बाळंतपणातून सुटते. काहींनी लोकसंख्येचे गणित मांडले. काहींनी तर मुली कमी झाल्या की त्यांची किंमत वाढेल, असेही मांडले. सुशिक्षित माणसाला स्वतःच्या फायद्याचे तत्त्वज्ञान बनवायला फार वेळ लागत नाही.

स्त्री संघटना, काही डॉक्टर आणि शास्त्रज्ञ यांनी याविरुद्ध मोहीम उघडली. १९८५ मध्ये मृणालताई पुन्हा विधानसभेत आल्या होत्या, विरोधी बाकावर. त्यांनी लिंगनिदानाविरुद्ध अशासकीय विधेयक आणले. ज्यांना विधिमंडळाची रीत माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, सरकारने मांडलेले विधेयक बहुमताने पार होते, पण एकट्या सदस्याने मांडलेले विधेयक सहसा कायदा होत नाही. त्याचा उपयोग वेगळा असतो. त्यावर चर्चा घ्यावी लागते, मंत्र्याला उभे राहून उत्तर द्यावे लागते, आणि ‘आम्हाला माहीत नव्हते’ म्हणण्याची सोय संपते. बाहेर मोर्चे आणि लेख, आत हे विधेयक, असा दोन्हीकडून रेटा बसला आणि सरकारला स्वतःचा कायदा आणावा लागला. १९८८ मध्ये महाराष्ट्राने प्रसवपूर्व लिंगनिदानावर निर्बंध घालणारा कायदा केला. भारतात असा कायदा करणारे महाराष्ट्र हे पहिले राज्य. त्याच धर्तीवर केंद्राचा कायदा १९९४ ला झाला आणि १ जानेवारी १९९६ पासून लागू झाला.

त्याच वर्षी, १९८८ च्या अखेरीस, मृणालताई विधानसभेत विरोधी पक्षनेत्या झाल्या. हे पद बाईकडे जाणे तेव्हा किती दुर्मीळ होते, हे मी वेगळे सांगत नाही.

कायदा झाला म्हणजे काम झाले, असे मात्र मी तुम्हाला सांगणार नाही. १९८८ च्या कायद्यात पळवाटा होत्या. खाजगी केंद्रांना परवाने मिळत राहिले, आणि चाचणी करून घेणारी बाईसुद्धा दोषी ठरू शकत होती. मग ती, किंवा तिच्या घरचे, तक्रार कशाला करतील? शिवाय तोवर सोनोग्राफी गल्लोगल्ली पोहोचली. सुई नको, भरती व्हायला नको, पाच मिनिटांचे काम, आणि डॉक्टर तोंडाने काही बोलत नाही, फक्त पेढा की बर्फी एवढे सुचवतो. २००३ मध्ये केंद्राचा कायदा अधिक कडक करावा लागला. जनगणनेचे आकडे बघा. महाराष्ट्रात शून्य ते सहा वयोगटात हजार मुलग्यांमागे १९९१ ला ९४६ मुली होत्या, २००१ ला ९१३, आणि २०११ ला ८९४. म्हणजे कायदा होता आणि आकडा घसरतच होता. काही मंडळी यावरून म्हणतात की मग कायद्याचा उपयोग काय. मी उलट विचारते, कायदा नसता तर या आकड्यांना कुठला तळ असता? निदान आज हे काम लपून करावे लागते, डॉक्टरला नोंदी ठेवाव्या लागतात, यंत्राची नोंदणी करावी लागते, आणि पकडला गेला तर त्याची सनद जाऊ शकते. मी शिकत होते तेव्हा त्याची जाहिरात होत होती.

आणि मंडळी, हा प्रश्न समुद्र ओलांडून आला नाही असे समजू नका. इथे जी.पी. म्हणून काम करताना माझ्यासमोर गरोदर मुली बसल्या आहेत, इथेच जन्मलेल्या, अस्खलित इंग्रजी बोलणाऱ्या, आणि सोबतच्या बाईंनी मला मराठीत, गुजरातीत, हिंदीत हळूच विचारले आहे, “डॉक्टर, तुम्ही तर आपल्याच, काय आहे ते सांगा ना.” ते नुसते कौतुक असेल तर माझी काहीच हरकत नव्हती. पण आवाजावरून कळते. आता तर दहाव्या आठवड्यात आईच्या रक्तावरून कळते. माझे म्हणणे एवढेच, की घरात नातसुनेला तिसऱ्यांदा दिवस गेले असतील तर आपण, ज्येष्ठांनी, काय बोलतो याला वजन आहे. “काहीही असो, सुखरूप होऊ दे,” हे आपण तोंडाने म्हणतो. पहिली मुलगी झाल्यावर मंदिरात पेढे वाटले का, हे मात्र त्या मुलीच्या आईच्या लक्षात राहते.

मृणालताई १७ जुलै २०१२ रोजी वसईत गेल्या. वय ८४. शेवटपर्यंत त्यांच्याकडे माणसे कागद घेऊन यायची, रेशन कार्डाचे, घराचे, पाण्याचे. केशव गोरे स्मारक ट्रस्ट आणि स्वाधार ही त्यांनी लावलेली कामे गोरेगावात पुढच्या पिढीने चालू ठेवली.

या कागदांवरून आपल्या मंदिराच्या एका कामाकडे येते. आपला कल्याण निधी चांगला जमतो. गावाकडे पूर आला, दुष्काळ पडला की आपण हात आखडता घेत नाही, आणि तो घेऊ नये. टँकर वेळेवर पोहोचला पाहिजे. पण मृणालताईंनी आयुष्य घालवले ते टँकर मागवण्यात नाही, नळ मागण्यात. आणि आपल्याच इमारतीत अशी माणसे बसतात ज्यांचा नळ महापालिकेने कधीच मंजूर केला आहे आणि ती तो उघडत नाहीत.

मी अटेंडन्स अलाऊन्सबद्दल बोलते आहे. निवृत्तीवेतनाचे वय झाल्यावर आजारपणामुळे अंघोळ, कपडे, औषधे, रात्री उठणे यांत मदत लागत असेल, तर हा भत्ता मिळू शकतो. उत्पन्न किंवा बचत किती हे त्यासाठी पाहत नाहीत. प्रत्यक्षात मदतीला कोणी असलेच पाहिजे, असेही नाही. ज्यांचे उत्पन्न कमी आहे त्यांच्यासाठी पेन्शन क्रेडिट वेगळे. मुलांनी नंतर बोलावून घेतलेल्या आई-वडिलांसाठी मात्र व्हिसाच्या अटी आधी तपासाव्या लागतात, नाहीतर नसती भानगड होते.

अडचण कुठे येते ते सांगते. फॉर्म लांबलचक असतो आणि त्यात विचारतात, तुम्हाला अंघोळ करता येते का. आपले काका काय लिहितात? “हो.” प्रत्यक्षात काकू दाराबाहेर उभ्या असतात, बाथमधून पाय बाहेर काढताना त्यांचा हात धरतात, आणि सगळ्याला पाऊण तास लागतो. पण ते कागदावर लिहायचे म्हणजे कमीपणा. मग अर्ज नामंजूर होतो आणि आपण म्हणतो, सरकार आपल्या लोकांना देत नाही. जे घडते ते लिहा. किती वेळ लागतो, आठवड्यातून किती वेळा तोल जातो, रात्री किती वेळा उठावे लागते, हे आकड्यांत लिहा. आठ दिवस वहीत टिपून ठेवले तर फारच उत्तम. गोरेगावच्या बायका जाताना रिकामा हंडा घेऊन जायच्या, कारण भरलेला हंडा दाखवून कोणी पाणी मागत नाही. हे भीक मागणे नव्हे. तुमच्यातल्या बहुतेकांनी या देशात तीस-चाळीस वर्षे कर भरला आहे.

विश्वस्तांशी बोलणे झाले आहे. पुढच्या महिन्यापासून पहिल्या आणि तिसऱ्या शनिवारी, सकाळच्या आरतीनंतर, खालच्या खोलीत आम्ही एक टेबल मांडणार आहोत. मी असेन, आणि फॉर्म भरण्याचा अनुभव असलेले दोन स्वयंसेवक असतील. येताना नॅशनल इन्शुरन्स क्रमांक, औषधांची यादी, जी.पी.चे नाव-पत्ता आणि रुग्णालयाची अलीकडची पत्रे आणा. ज्यांना जिना जमत नाही त्यांनी कार्यालयात निरोप ठेवा, आम्ही घरी येऊ. आणि काका मंडळी, येताना काकूंना बरोबर आणा, म्हणजे उत्तरे खरी मिळतील.